ऑयरिकचा बिल्ला

आमच्या बोर्वे खाडीत खरा ख्रिस्ती ओळखायची एक सोपी युक्ती होती. प्रभुभोजनाच्या मेजावर जाऊन बसतो त्याच्याबद्दल थोडी शंका घ्यायची, आणि मागे टेकडीवर गवतात मान खाली घालून बसून राहतो तो बहुधा खरा समजायचा. मी जन्मभर टेकडीवरच बसलो, पण माझ्या बाबतीत ही युक्ती कुणी वापरून पाहिली नाही.

हसण्यावारी नेऊ नका. ऑगस्टात पाच दिवस अख्खा किनारा आमच्याकडे लोटायचा. गुरुवारी उपास, शुक्रवारी प्रश्न, शनिवारी बिल्ले, रविवारी मेज आणि सोमवारी आभार. होड्यांतून, घोडागाड्यांतून चार-पाचशे माणूस यायचं. घराघरात वीस-वीस पाहुणे आणि गोठ्यात पेंढ्यावर आणखी दहा. आणि रविवारी पांढरी चादर घातलेल्या त्या लांब मेजावर बसणारे किती, तर तीस. फार तर पस्तीस. बाकीचे सगळे बाप्तिस्मा झालेले, सकाळ-संध्याकाळ घरात स्तोत्र म्हणणारे, पण मेजाकडे पाऊल वळायचं नाही. "मी कोण? माझी काय लायकी?" असं म्हणता म्हणता माणसं म्हातारी व्हायची आणि तशीच मातीत जायची.

मेजावर बसायला बिल्ला लागायचा. शिशाचा, चौकोनी, अंगठ्याच्या नखाएवढा, वर खाडीचं नाव ठोकलेलं. शनिवारच्या उपदेशानंतर मंडळीचे वडील ओळीने उभे राहायचे आणि ज्याचा विश्वास त्यांना खरा वाटेल त्याच्या हातावर बिल्ला ठेवायचे. वडील म्हणजे वयाने नव्हे. मंडळीने निवडलेले कारभारी, प्रत्येकाकडे पंधरा-वीस घरं. आमच्या बाजूचा वडील होता टॉरमॉड मॅकास्किल.

खाडीत निम्मे लोक मॅकास्किल आणि त्यांतले निम्मे टॉरमॉड, त्यामुळे टोपणनावाशिवाय कुणाचं पान हलत नसे. मी टपाल वाहायचो म्हणून रोरी टपाल. याचं नाव टॉरमॉड चाळणी, आणि ते मीच ठेवलेलं. माणसाला असा चाळून घ्यायचा की कोंडा एकीकडे, पीठ एकीकडे. त्याचा स्वतःचा सख्खा भाऊ एका शनिवारी हात पुढे करून उभा राहिला, तेव्हा टॉरमॉड त्या हाताकडे बघून म्हणाला, "मेंढ्यांच्या कुंपणावरून शेजाऱ्याशी बोलणं टाकलंयस. आधी ते कर." भाऊ रिकाम्या हाताने परत गेला, आणि शेजाऱ्याशी बोलला तो दोन वर्षांनी. टॉरमॉडवर कुणी रागवायचं नाही. तो आपपर करत नाही हे सगळ्यांना माहीत होतं.

त्याची बायको ऑयरिक. माझी मामेबहीण.

ऑयरिकबद्दल सांगण्यासारखं काही नाही, असं ती स्वतःच म्हणायची. उंच, हाडापेराने मजबूत, एका डोळ्याची पापणी जराशी उतरलेली, त्यामुळे ती सतत काहीतरी मिश्कील बोलणार असं वाटायचं आणि ती बोलायची मात्र नाही. एक मुलगी, ती बॉस्टनला एका घरी कामाला. तिची पत्रं मी आणून द्यायचो, आणि पाकीट उजेडाला धरून काय दिसेल ते वाटेत बघून घ्यायचो. ऑयरिकला ते ठाऊक होतं. "काय म्हणते रे माझी मुलगी?" असं पत्र हातात घेण्याआधीच विचारायची.

ऑगस्टात तिच्या घरी सगळ्यात जास्त पाहुणे. ओटच्या भाकऱ्यांची चळत टेबलाइतकी उंच. तव्याकडची करपलेली कड ती स्वतःसाठी ठेवायची आणि मधला मऊ भाग पाहुण्याच्या ताटात. कुणाच्या घरी मूल गेलं की ती गाय बघून येते म्हणून गोठ्यात जायची आणि बऱ्याच वेळाने लाल डोळ्यांनी परत यायची. काय झालं विचारलं तर म्हणायची, "धूर." गोठ्यात कुठला आलाय धूर?

आणि ऑयरिक कधीही मेजावर बसली नाही. टॉरमॉड सव्वीस वर्षं वडील होता, आणि सव्वीस वर्षं ती टेकडीवर, माझ्यापासून दोन हात पलीकडे.

आता शुक्रवारचं सांगतो. त्या दिवशी पाद्रीबुवा फक्त प्रश्न घालतात, उत्तरं देतात मंडळीतले जुनेजाणते. प्रश्न दरवर्षी फिरून तोच: खरा विश्वास आणि वरवरचा विश्वास यांत फरक कसा करायचा, खऱ्याच्या खुणा काय? मग एकेक म्हातारा उठतो आणि आपल्याला माहीत असलेल्या खुणा सांगतो. नाव कुणाचं घ्यायचं नाही, हा नियम. कुणी रडतो, कुणी लांबण लावतो. टॉरमॉड सगळ्यात शेवटी उठायचा. डोळे मिटून म्हणायचा:

"मला एक जीव माहीत आहे. तो करपलेलं स्वतः खातो आणि चांगलं परक्याला देतो, आणि त्याला वाटतं आपण काही केलंच नाही. दुसऱ्याच्या दुःखात तो रडायला अशा ठिकाणी जातो जिथे फक्त जनावरं बघतील. स्तोत्राच्या वेळी त्याचे ओठ हलत नाहीत, कारण आपला आवाज देवाच्या कानावर घालायच्या लायकीचा आहे असं त्याला वाटत नाही. अशा जीवाजवळ उभं राहिलं की मला माझीच लाज वाटते."

अख्ख्या टेकडीला कळायचं. बायका एकमेकींना कोपर मारायच्या, म्हातारे दाढीत हसायचे. इतका करडा माणूस वर्षातून एकदा, पाचशे लोकांसमोर, नाव न घेता बायकोवरचं प्रेम सांगतोय! आम्ही त्या भागाची वर्षभर वाट बघायचो. ऑयरिक मात्र गवताचं पातं तोडत खाली बघायची. आम्हाला वाटायचं, लाजते.

मग ती बिल्ला का मागत नव्हती, आणि तो का देत नव्हता? त्यावर घराघरात चर्चा व्हायची, आणि निष्कर्ष असा की ती इतकी खरी आहे की तिला स्वतःला लायक वाटणारच नाही. त्या युक्तीने तर ती आमच्यातली सगळ्यात खरी ठरत होती. आम्हाला त्याचं कौतुकच वाटायचं, विषय तिथे संपायचा.

ती पंचावन्नची झाली त्या वर्षी तिच्या पोटात गाठ निघाली. उन्हाळाभर हिंडतीफिरती होती. उपासाच्या गुरुवारी तिने अंथरूण धरलं. पाहुण्यांचं सगळं विधवा एल्सपेटने अंगावर घेतलं. एल्सपेट खाडीच्या पलीकडे राहायची, गरीब, भक्तीण बाई, मेजावर बसणाऱ्यांपैकी.

शुक्रवारी प्रश्नाची सभा सुटल्यावर मी ऑयरिककडे गेलो. उशीला टेकून बसली होती. हाताची कातडी मेणासारखी.

"आलास? सांग, काय काय झालं?"

"मुर्डो लोहार पाऊण तास बोलला. पाद्रीबुवांना डुलकी लागली. शेवटी त्यांचा घोडा खिंकाळला म्हणून लोहार थांबला, नाहीतर आज इथेच मुक्काम होता."

ती हसली आणि पोट धरलं. "हसवू नकोस मेल्या. आणि टॉरमॉड?"

"टॉरमॉडने त्याच खुणा सांगितल्या, दरवर्षीच्या."

"एल्सपेटच्या," ती म्हणाली.

मी म्हणालो, "काय?"

"एल्सपेटच्या खुणा. इतका दचकतोस काय? तूच तर सांगितलं होतंस." तिच्या बोलण्यात राग नव्हता. "मी त्याला दोष देत नाही, रोरी. त्याला माणसाच्या आतलं दिसतं. एल्सपेटचं दिसलं तेव्हा भर जानेवारीत बर्फावरून चार मैल चालत गेला तिच्या दाराशी, तुला आता बिल्ला घ्यायला हवा असं सांगायला. सव्वीस वर्षं मी त्याला जेवायला वाढते. त्याला माझंही दिसलंच असणार ना? बर्फावरून चार मैल गेला, पण हे एवढं स्वयंपाकघर ओलांडून नाही आला. मग मी काय समजायचं?"

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही असं माझी आई म्हणायची. तेच आता अंगाशी आलं होतं.

कारण मला आठवलं. बारा-तेरा वर्षांपूर्वीचा असाच शुक्रवार. विहिरीवर ऑयरिक पाणी भरत होती आणि मी खोगीर काढत होतो. ती म्हणाली, "कुणाबद्दल बोलतो रे टॉरमॉड दरवर्षी?" मला वाटलं, लाडात आलीय, माझ्या तोंडून वदवून घ्यायचंय. म्हणून मी डोळा मारून म्हणालो, "ते काय विचारतेस? एल्सपेटबद्दल! विधवा बाई, गोड स्वभाव. सांभाळ हो नवऱ्याला!" तिने बादली उचलली आणि गेली. मी ही थट्टा चार घरी सांगितली, आणि चारही घरी लोक पोट धरून हसले. मग विसरून गेलो.

ती विसरली नव्हती. मत्सर म्हणाल तर तिच्या मनाला मत्सर शिवलाच नाही. तिने एवढंच धरून ठेवलं की त्या खुणा दुसरीच्या आहेत.

"ऑयरिक," मी म्हणालो, "ती थट्टा होती. बाई गं, त्या खुणा तुझ्या आहेत. अख्ख्या किनाऱ्याला माहीत आहे. करपलेली भाकरी कोण खातं? गोठ्यात कोण जाऊन रडतं?"

तिने माझ्याकडे बघितलं. ती उतरलेली पापणी, जणू आता काही गमतीचं बोलेल.

"रोरी, तू जन्मात कधी सरळ बोलला नाहीस. आता मी मरायला टेकले तर कशाला सुरुवात करतोस? मला आहे तोच आवडतोस."

मी बायबलवर हात ठेवतो म्हणालो. ती म्हणाली, "नको, त्यात आणखी पाप लागेल तुला," आणि माझ्या हातावर थोपटलं.

शनिवारी बिल्ले वाटायला सुरुवात व्हायच्या आधी मी टॉरमॉडला पाद्र्यांच्या लाकडी मांडवामागे गाठलं आणि सगळं सांगितलं, विहिरीवरच्या थट्टेसकट. मला वाटलं, मारील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

त्याने टोपी काढून हातात धरली. मग म्हणाला, "घरच्या माणसाला मी होऊन बोलवायचं नाही, असं मी वडील झालो त्या दिवशी ठरवलं. लोक म्हणाले असते, चाळणीला बायकोपुरतं भोक मोठं आहे."

त्याला ते नाव माहीत होतं तर.

"मी वाट बघत होतो," तो म्हणाला. "प्रत्येक शनिवारी. तिचा बिल्ला या खिशात वेगळा ठेवायचो. ती रांगेत आली की द्यायचा. सव्वीस वर्षं. मला वाटायचं, तिला माझ्याहून जास्त कळतं, तिची वेळ तिला कळेल. आणि ती माझी वाट बघत होती?"

"हो."

"एकाच छपराखाली?"

खिशातला बिल्ला त्याने चाचपून पाहिला.

तो रांगेपुढे जाऊन उभा राहिला. त्या दिवशी त्याने कुणालाच काही विचारलं नाही. जे हात पुढे आले त्यांवर बिल्ले ठेवत गेला आणि बिल्ल्यांची पेटी दुसऱ्या वडिलांकडे देऊन घराकडे निघाला. मी मागोमाग गेलो. मला कुणी बोलावलं नव्हतं. मला कधीच कुणी बोलावत नाही.

टोपी हातात घेऊन तो तिच्या खाटेशी उभा राहिला, लोक पाद्रीबुवांसमोर उभे राहतात तसा. मी उंबऱ्यावर.

"ऑयरिक, हा तुझा बिल्ला."

तिने आधी बिल्ल्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "रोरी बोलला वाटतं तुझ्याशी."

"बोलला. पण हा आजचा नाही. हा पहिल्यापासून तुझाच आहे. उद्या गाडीत गादी घालतो आणि तुला मेजापाशी नेतो. चारजण उचलतील."

"टॉरमॉड," ती अगदी हळू म्हणाली, "सव्वीस वर्षांत तू कुणाला दयेपोटी बिल्ला दिला नाहीस. भावालासुद्धा नाही. मला त्याचा किती अभिमान होता, तुला माहीत नाही. मी टेकडीवर बसायचे, पण मनात म्हणायचे, माझा नवरा खोटं करणार नाही, माझ्यासाठीसुद्धा नाही. आता मी मरतेय म्हणून तू ते मोडू नकोस."

"ही दया नाही!"

"मग काल का नाही आणलास? मागच्या वर्षी का नाही?"

"नियम होता माझा."

"हं. आणि आज कुठे गेला तो नियम?"

तो गुडघ्यांवर बसला. मी टॉरमॉड चाळणीला प्रार्थनेशिवाय गुडघ्यांवर बसलेला कधी पाहिला नव्हता. "मी दरवर्षी तुझ्याबद्दल बोललो. पाचशे लोकांसमोर बोललो."

"पाचशे लोकांना सांगितलंस," ती म्हणाली. "मला एकटीला सांगायचं होतंस ना रे. चुलीपाशी."

 तिने त्याच्या केसांवरून हात फिरवला. "ऊठ. गाय ओरडतेय. एल्सपेटला तिची धार काढता येत नाही, ती लाथा मारते. आणि तो बिल्ला पेटीत नेऊन ठेव, हिशेब चुकेल त्यांचा."

तो उठला. बिल्ला त्याने पेटीसाठी घेतला नाही. तिच्या तळव्यावर ठेवला, तिची बोटं त्यावर मिटली आणि गोठ्याकडे गेला. मी खिडकीतून पाहिलं. त्याने बादली घेतली, तिपाईवर बसला, गायीच्या पोटाला कपाळ टेकलं. धार काढल्याचा आवाज मात्र बराच वेळ आलाच नाही.

रविवारी तो जायला तयार नव्हता. तिनेच पाठवलं. "वडिलांवाचून मेज अडेल. जा." मेजावरची भाकर आणि द्राक्षारस घरी आणून द्यायची आमच्यात रीत नाही. मेज म्हणजे मेज, जिथे मांडलंय तिथेच. एल्सपेट मात्र त्या दिवशी मेजावर बसली नाही, ऑयरिकपाशी थांबली. नंतर तिने मला सांगितलं, की ऑयरिक तिला परत परत म्हणत होती, "तू जा गं, तुझी जागा रिकामी राहील." आणि एल्सपेट म्हणाली, "मी दरवर्षी बिल्ला घेते तेव्हा माझा हात कापतो. तू टेकडीवर आणि मी मेजावर, हे कसं, असं वाटून कापतो." ऑयरिकने ऐकलं की नाही, कोण जाणे. डोळे मिटलेले होते.

टेकडीवरून स्तोत्र सुरू झाल्याचं घरापर्यंत ऐकू येत होतं. एकजण ओळ सांगतो आणि मागोमाग पाचशे माणूस ती उचलतं. एल्सपेट विहिरीवरून ताजं पाणी आणायला गेली. आली तेव्हा ऑयरिक गेली होती.

उजवा हात पांघरुणाबाहेर होता. खाटेशेजारच्या टॉरमॉडच्या खुर्चीच्या दिशेने लांबवलेला, आणि मूठ घट्ट. न्हाऊ घालताना बायकांना ती उघडेना. एल्सपेटने टॉरमॉडला आत बोलावलं. त्याने त्या मुठीवर आपला हात ठेवला, थोडा वेळ तसाच उभा राहिला आणि म्हणाला, "राहू द्या." खाडीच्या पेटीत त्या वर्षापासून एक बिल्ला कमी आहे.

पुढच्या ऑगस्टात, शुक्रवारी, पाद्रीबुवांनी प्रश्न घातला: खऱ्या विश्वासाच्या खुणा काय? लोहार बोलला, आणखी दोघे बोलले. मग सगळ्या माना टॉरमॉडकडे वळल्या. तो उठला. यावेळी डोळे उघडे होते.

"खुणा मला माहीत होत्या," तो म्हणाला. "जिच्या होत्या तिलाच माहीत नव्हत्या. मला आता कुणाला पारखता येणार नाही." आणि बसला. पण वडिलांच्या बाकावर नाही. चालत टेकडीवर आला आणि माझ्यापासून दोन हातांवर, तिच्या जागी गवतात बसला. त्यानंतर अकरा वर्षं, मेजाच्या रविवारीही, तो तिथेच बसायचा.

आम्ही दोघं फारसं बोलायचो नाही. त्याला माझी थट्टा नको होती आणि मला सुचतही नव्हती. एकदा मात्र, त्याच्या शेवटच्या आधीच्या वर्षी, शनिवारी बिल्ल्यांची रांग खाली सरकत असताना, त्याने समोरच बघत विचारलं:

"रोरी, ती मूठ. माझ्या खुर्चीकडे हात केला होता तिने. परत द्यायला केला होता, की घेतला हे दाखवायला?"

"घेतला," मी म्हणालो. "घेतलाच, टॉरमॉड. परत द्यायचा असता तर हात उघडा असता."

मला खरोखर तसंच वाटतं. आजही वाटतं. जन्मात इतकं सरळ मी दुसरं काही बोललो नसेन.

त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं. ऑयरिकने बघितलं होतं अगदी तसंच, रागाशिवाय. आणि माझ्या हातावर थोपटलं.